कवितेचा तास कोणाच्या श्रमाचा?

‘वेळ मिळत नसतो, वेळ काढावा लागतो’ हे वाक्य आपल्या मध्यमवर्गाने सुभाषिताच्या योग्यतेला नेऊन बसविले आहे. ज्याला ते ऐकविले जाते त्याला उत्तर सुचत नाही आणि जो ऐकवितो त्याला आपण काही मौलिक बोललो असे समाधान लाभते. काही महिन्यांपूर्वी रायपूरमध्ये एका मराठी घरी भरलेल्या छोट्या साहित्यिक बैठकीत ते आमच्या कानांवर पुन्हा एकदा पडले. या शहरातील मराठी वस्ती जुनी. भोसल्यांच्या अमदानीपासूनची काही घराणी, पुढे रेल्वेच्या, सरकारी कचेऱ्यांच्या आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आलेली कुटुंबे, त्यांची मंडळे, गणेशोत्सव, हौशी नाटके. बैठकीत एक शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. लग्नापूर्वी त्या कथा लिहीत. दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. गेल्या अकरा वर्षांत एक ओळही झाली नाही, असे त्या सहज बोलून गेल्या. त्यावर एका निवृत्त गृहस्थांनी वडीलकीने उपदेश केला: वहिनी, पहाटे चारला उठावे, मन प्रसन्न असते, घर शांत असते, लेखणी आपोआप चालते.

‘चारला मी उठतेच, काका,’ वहिनी म्हणाल्या. ‘साडेचारला नळ येतो.’

सगळे हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो आणि त्या हसण्याची लाज पुढे बरेच दिवस मनात राहिली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

निर्मितीला लागणारा वेळ आणि लागणारी शक्ती हा स्वभावाचा, शिस्तीचा किंवा प्रतिभेचा प्रश्न आहे, अशी एक समजूत साहित्यक्षेत्रात रूढ आहे. ती समजूत सोयीची आहे, कारण तीमुळे ज्याने लिहिले त्याचा गौरव होतो, ज्याला लिहिता आले नाही तो आळशी ठरतो आणि मधली सारी व्यवस्था नामानिराळी राहते. वस्तुतः दिवसाचे चोवीस तास सर्वांना सारखे मिळतात हे केवळ घड्याळापुरते खरे आहे. दोन माणसांच्या हाती उरणारा वेळ सारखा नसतो. आणि जो उरतो तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमातून उरलेला असतो. या म्हणण्याची परीक्षा दूर कोठे जाऊन करण्याचे कारण नाही.

रायपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथील जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ साली हिंदीचे अध्यापक म्हणून गजानन माधव मुक्तिबोध रुजू झाले. मूळ जळगावकडचे, पुढे ग्वाल्हेर संस्थानात स्थायिक झालेले हे मराठी घराणे. घरात मराठी बोलायची आणि कविता हिंदीत लिहायची, हा त्यांचा आयुष्यक्रम. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीतच लिहिले. ‘नवी मळवाट’ (१९४९) हा त्यांचा काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’ (१९५४) ही कादंबरी पुरोगामी मराठी वाचकाला अपरिचित असण्याचे कारण नाही. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये त्यांच्या कविता आल्या, म्हणजे पंचविशीतच त्यांची गणना होऊ लागली होती. त्यानंतरची पंधरा वर्षे कशी गेली? शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर. कोठे शाळामास्तरकी, कोठे मासिकाचे संपादकीय काम, कोठे सरकारी माहिती खाते, कोठे आकाशवाणी, कोठे ‘नया खून’ साप्ताहिकातील लेखन. वाढता संसार, वाढते कर्ज आणि बदलती बिऱ्हाडे. राजनांदगावला चाळिशी उलटल्यावर त्यांना प्रथम काहीसा स्थिर निवारा मिळाला. राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या सान्निध्यातील ते घर, त्यातील चक्राकार जिना आणि रात्रीचा एकांत यांनी त्यांच्या अखेरच्या मोठ्या कविता घडविल्या.

तेथेही पोटासाठी जादा काम करावे लागलेच. पाठ्यपुस्तक लिहिल्यास चार पैसे मिळतात म्हणून त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले, १९६२ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे जे तास कवितेतून काढून बाजाराला दिले होते तेही सरकारने जप्त केले. १९६४ च्या आरंभी पक्षाघाताचा झटका आला. भोपाळचे रुग्णालय, तेथून दिल्ली, दीर्घ बेशुद्धी आणि ११ सप्टेंबर रोजी मृत्यू. वय ४६. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ सालचाच. तो हाती धरून पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नशीब हा शब्द आम्ही सवयीने लिहिला. तो येथे बरोबर नाही. पुढे १९८० साली त्यांच्या समग्र लेखनाचे सहा खंड निघाले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले की एवढे या माणसाने लिहिले केव्हा?

या आश्चर्याचे रूपांतर पाहता पाहता एका सिद्धांतात झाले. अभावातून प्रतिभा फुलते, दारिद्र्य हेच कवीचे खत, संसाराच्या रगाड्यात सापडल्यामुळेच मुक्तिबोध मुक्तिबोध झाले. आमचे म्हणणे असे की हे तत्त्वज्ञान पोटभर जेवलेल्यांचे आहे. मुक्तिबोध आपल्या दीर्घ कविता पुनःपुन्हा लिहीत, त्यांचे खर्डे वर्षानुवर्षे चालत. त्यातील किती आवर्तने कवितेच्या गरजेची होती आणि किती केवळ सलग बसण्यास वेळ न मिळाल्यामुळे, हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्या रगाड्यातून जे बाहेर आले ते आपण मोजतो. जे आत राहिले त्याचे खंड निघत नाहीत.

परंतु येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या बाजूच्या मंडळींना अधिक टोचणारा आहे. मुक्तिबोध रात्री लिहीत तेव्हा दिवसाचे काम कोण उरकीत होते? घरात मुले होती, येणारे-जाणारे होते, मित्रमंडळींच्या बैठकी रंगत, चहा होई. तो चहा आपोआप होत नव्हता. शांताबाई मुक्तिबोध यांचा उल्लेख आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत ‘सोशिक सहधर्मचारिणी’ अशा एखाद्या ओळीत उरकलेला आढळतो. प्रेमविवाह करून त्या या संसारात आल्या, बिऱ्हाडे हलवीत राहिल्या, दुखणी काढली. ज्या हिशेबाने आपण गिरणीमालकाला विचारतो की तुझ्या नफ्यात कोणाचे श्रम आहेत, त्याच हिशेबाने कवीच्या रात्रीलाही विचारले पाहिजे. हा दोष एकट्या मुक्तिबोधांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या विचारनिष्ठेबद्दल शंका नाही अशा माणसाच्याही घरात ही विभागणी तशीच राहिली, एवढेच ध्यानात घ्यावयाचे.

यावर एक ठरलेले उत्तर येते. जनाबाईने दळता दळता अभंग रचले, बहिणाबाईने शेतात आणि चुलीपाशी गाणी रचली. तेव्हा काम आणि निर्मिती यांत विरोध आहेच कोठे? उत्तर वरकरणी बिनतोड आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी अनेक वर्षे खपून उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. कोणत्याही भाषेने अभिमान बाळगावा असा हा ठेवा. पण तिचा आकार पाहा. ओवी दोन ओळींची, फार तर थोडी अधिक. जात्याचा फेरा, हाताची ओढ, श्वासाची लांबी, एवढ्या मापात ती बसते. हात कामात गुंतलेले आहेत, मोकळा आहे तो केवळ कंठ. म्हणून जी निर्मिती हाताशिवाय होऊ शकते तीच झाली. तिला कागद लागत नाही, बैठक लागत नाही, काल कोठे थांबलो होतो हे शोधावे लागत नाही. आणि ती ऐकणारीही शेजारी त्याच जात्याला हात लावून बसलेली. जात्यावर कादंबरी होत नाही. नाटक होत नाही. इतिहासलेखन होत नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. घरातल्या माणसांनी कानांनी ऐकून उतरवून घेतले म्हणून आणि तेवढेच उरले. पुस्तक १९५२ साली निघाले, त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या होत्या. ज्या घरी सोपानदेवांसारखा कवी मुलगा नव्हता त्या घरच्या बहिणाबाईंचे काय झाले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. गावात पिठाची गिरणी आली. बाईच्या खांद्यावरचे पहाटेचे दोन-तीन तासांचे दळण उतरले. हे स्वागतार्हच होते. दळणातल्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पायली ज्वारी स्वतः दळून पाहावी. परंतु दळण गेले तशी ओवीही गेली, आणि सुटलेले तास बाईच्या हाती मात्र आले नाहीत. ते मजुरीने घेतले, पाण्याच्या रांगेने घेतले, मुलांच्या शाळेच्या डब्याने घेतले. यंत्र श्रम वाचविते, पण वाचलेला वेळ कोणाला द्यावयाचा हे यंत्र ठरवीत नाही. जेथे घरातील सत्ता आणि कामाची वाटणी जुनीच राहते तेथे वाचलेला तास त्या वाटणीनेच वाटला जातो. धुलाईयंत्र, मिक्सर, गॅसची शेगडी यांनी भरलेल्या रायपूरच्या फ्लॅटमध्येही हाच अनुभव येतो.

आकडे हवेत त्यांच्यासाठी आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर केलेल्या वेळवापर पाहणीत २०१९ साली असे दिसले की बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालविते आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाने आपली नऊ वाचवून घेतली! त्यातही एक मेख आहे. ही सरासरी जे घरकाम करतात त्यांच्यापुरती आहे. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ होत्या, पुरुष शेकडा २६. म्हणजे चारांतील जवळजवळ तीन पुरुष त्या ९७ मिनिटांच्या हिशेबातच नाहीत. हाताखालचे मीठ कोठे असते हेही ज्यांना ठाऊक नाही असे थोर साहित्यिक त्या तिघांत किती असतील, ते पाहणीत विचारलेले नाही.

रायपूरमध्ये याचे एक प्रत्यक्ष प्रात्यक्षिक घडून गेले. छत्तीसगड सरकारने २०२२ साली आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. नवा रायपूर जुन्या शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर. तेथील मंत्रालयात रोज बसने जाणाऱ्या-येणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ आणि जीव प्रवासातच जातो, तेव्हा शनिवार मोकळा होणे ही मोठीच गोष्ट होती. आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांनी त्या शनिवारी खरोखरच काही केले. एकाने सतार पुन्हा काढली, एकाने प्रवासवर्णन लिहावयास घेतले. त्याच कचेऱ्यांतील स्त्री कर्मचाऱ्यांना आम्ही विचारले तेव्हा कळले की शनिवार म्हणजे पडदे धुण्याचा दिवस, डबे घासण्याचा दिवस, आठवड्याची भाजी निवडण्याचा दिवस आणि ‘आज तू घरीच आहेस तर’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या सर्व कामांचा दिवस. एकाच शासन-आदेशाने दोघांना सुटी दिली. घरी पोचेपर्यंत ती एकाचीच उरली.

तेव्हा कामाचे तास कमी करण्याची मागणी सोडून द्यावयाची काय? मुळीच नाही. ज्या राजनांदगावात मुक्तिबोध आले त्याच गावातील कापड गिरणीत १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला होता. बारा-बारा तासांहून अधिक राबविले जाणे हे त्या संपाचे प्रमुख कारण होते आणि तास कमी करून घेऊनच तो मिटला. छत्तीसगडच्या कामगार चळवळीचा आरंभच असा वेळेच्या लढ्यातून झाला. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात मानवी स्वातंत्र्याच्या प्रदेशाची चर्चा करताना कामाचा दिवस लहान होणे ही त्याची मूलभूत अट मानली आहे, ती उगाच नव्हे. वेळेच्या आधी शक्ती संपते, ही गोष्ट लेखनाच्या वर्गात शिकवीत नाहीत. उरला-सिलतराच्या पट्ट्यात भट्टीसमोर बारा तासांची पाळी करून आलेल्या कंत्राटी मजुराला रात्री एक तास मोकळा मिळाला तरी त्या तासात उघडे ठेवता येतील असे डोळे त्याच्याजवळ राहिलेले नसतात. नारायण सुर्वे, अण्णा भाऊ साठे, बाबूराव बागूल यांनी गिरणी, झोपडी आणि कारखाना यांतून जे लिहिले ते आपल्या भाषेचे वैभव आहे. पण अपवादाचा उपयोग नियम सोसण्याच्या उपदेशासाठी करू नये.

आणि आज काळ उलटा फिरविण्याचा प्रयत्न उघडपणे चालू आहे. २०२३ साली एका बड्या उद्योगपतीने तरुणांना आठवड्याचे सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला; २०२५ च्या आरंभी दुसऱ्याने नव्वद तासांपर्यंत बोली नेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. नव्वद तास कचेरीत बसणाऱ्याचे कपडे कोण धुणार आणि मुलाला कोण निजविणार, हे त्या गृहस्थांनी सांगितले नाही. सांगण्याची गरजच त्यांना वाटली नसावी.

नाच्याची गोष्ट येथे थोडक्यात सांगतो. छत्तीसगडचा नाचा रात्रभर चालतो. दिवस शेताचा आणि मजुरीचा, म्हणून कलेला रात्र उरली. रायपूरचे सुपुत्र हबीब तनवीर यांनी १९५८ साली अशाच नाचा कलावंतांपैकी काहींना दिल्लीला नेले. १९७३ मध्ये रायपुरात नाच्याचे शिबिर भरविले. आणि १९७५ चे ‘चरणदास चोर’ १९८२ साली एडिंबरोपर्यंत जाऊन गौरव मिळवून आले. प्रतिभा त्या माणसांत आधीपासूनच होती. नाट्यसंस्थेने त्यांना दिले ते इतकेच की तालीम हेच दिवसाचे काम ठरले. रात्रीच्या झोपेतून चोरून कला करणे आणि दिवसाच्या उजेडात ती काम म्हणून करणे यांत जो फरक आहे तो साऱ्या जगाने रंगमंचावर पाहिला.

हाच फरक गद्यातही दिसतो. २३ डिसेंबर २०२५ रोजी रायपुरात निधन पावलेले विनोदकुमार शुक्ल मूळचे राजनांदगावचे. तरुणपणी त्यांच्या कविता प्रथम मुक्तिबोधांनी वाचल्या आणि पुढे पाठविल्या. पुढे कृषी महाविद्यालयात नोकरी, संसार, सारे आपल्यासारखेच. त्यांना मध्य प्रदेश शासनाची फेलोशिप मिळाली होती, आणि १९७९ साली त्यांची ‘नौकर की कमीज’ ही पहिली कादंबरी आली. १९९४ ते १९९६ या काळात निराला सृजनपीठावर निमंत्रित साहित्यिक म्हणून असताना त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन वर्षे पोटाची चिंता समाजाने वाहिली आणि दोन कादंबऱ्या झाल्या. हिशेब इतका सरळ आहे की तो मांडतानाही संकोच वाटतो. ‘नौकर की कमीज’चा विषय तरी काय? साहेबाच्या बंगल्यावर राबविला जाणारा कचेरीतला कारकून, जुन्या नोकराचा सदरा त्याच्या अंगावर चढविण्याची खटपट आणि घरमालकाच्या घरकामाकडे हळूहळू ओढली जाणारी त्याची बायको. माणसाचा वेळ कोणी कसा गिळतो याचे इतके शांत आणि इतके भेदक चित्र क्वचितच रंगले असेल.

आता त्या फेलोशिपचे नाव सांगावयाचे राहिले. गजानन माधव मुक्तिबोध फेलोशिप. ज्या सरकारने मुक्तिबोधांच्या पुस्तकावर बंदी घातली त्याच राज्याने पुढे त्यांच्या नावाने दुसऱ्यांना मोकळा वेळ देऊ केला. ज्याचे नाव दिले त्याला स्वतःला तसे एक वर्ष कधी मिळाले नाही. तरीही ही योजना चांगलीच होती आणि अशा योजना शेकड्यांनी हव्यात, हे आम्ही निक्षून सांगतो. त्या थोड्यांना मिळतात, ज्यांचे नाव आधी झाले आहे त्यांना मिळतात आणि त्यांच्या अटी अशा असतात की दोन लहान मुलांची आई गावाबाहेरच्या सृजनपीठावर जाऊन राहू शकत नाही. पाळणाघराशिवाय दिलेली शिष्यवृत्ती स्त्रीला अर्धीच पोचते.

म्हणून प्रश्न पुन्हा स्वयंपाकघरापाशी येतो. लेनिनने १९१९ सालीच घरकामाच्या क्षुद्र, बुद्धी बधिर करणाऱ्या जोखडाबद्दल कठोर शब्दांत लिहून सार्वजनिक भोजनगृहे आणि बालगृहे हे त्यावरील साधे, रोजच्या व्यवहारातले उपाय म्हणून दाखविले होते. सोव्हिएत देशात ती पुष्कळ उभी राहिली. तरी संध्याकाळी कारखान्यातून परतलेल्या स्त्रीची दुसरी पाळी घरी चालूच राहिली, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कारण संस्था उभारल्या तरी घरातल्या पुरुषाला उठवून ओट्यापाशी उभे करण्याचे काम कोणत्याही पंचवार्षिक योजनेत लिहिलेले नव्हते. आपल्याकडे तर दोन्ही बाजूंनी शुकशुकाट आहे. पाळणाघराची तरतूद कायद्याच्या पुस्तकात आहे, वस्तीत नाही. वाचनालये संध्याकाळी नेमकी त्या वेळी बंद होतात जेव्हा कामावरून सुटलेला माणूस तेथे येऊ शकेल. हौशी नाटकांच्या तालमी रात्री आठला सुरू होतात आणि मग नाटकाला बायका मिळत नाहीत म्हणून मंडळे हळहळतात. तालमीच्या खोलीशेजारी मुलांसाठी एक खोली आणि पोळीभाजीची सोय, इतके केले तरी पात्रे मिळतील. हे करण्यासाठी क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

एका बाबतीत निवृत्त काकांशी आमचे पूर्ण वैर नाही, हेही सांगून टाकतो. व्यवस्था बदलेपर्यंत वही मिटून ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. डब्यांच्या फडताळात वही ठेवणाऱ्या, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये चार ओळी खरडणाऱ्या बायकांविषयी आम्हांला आदरच आहे. रोज दहा ओळी लिहिणाराही वर्षाकाठी एक पुस्तक पुरे करतो, हे खरे आहे. पण त्या दहा ओळींची किंमत झोपेने, पाठदुखीने आणि ‘तुझे हे काय चालले आहे’ अशा टोमण्यांनी चुकविली जाते, आणि ती किंमत प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीने का चुकवावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

वहिनींचे यजमान आमचे जुने स्नेही. कामगार संघटनेत हयात घालविलेला माणूस. आठ तासांच्या दिवसावर ते दोन तास सहज बोलू शकतात. त्यांच्या घरी आम्ही गेली वीस वर्षे चहा पीत आलो आहोत आणि कप विसळण्यासाठी उठल्याचे आम्हांला एकदाही स्मरत नाही. त्या बैठकीनंतर पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्याशी हा विषय काढला. आधी ते रागावले. मग म्हणाले, घरात असला हिशेब कोणी मांडतो काय? वहिनी आतून म्हणाल्या, ‘मांडा ना भावजी. मी कधीपासून मांडते आहे.’

त्या दिवशी ठरले ते असे. शनिवारी सकाळी आठपासून एकपर्यंत वहिनी मागच्या खोलीत बसतील, दार लावून घेतील आणि कोणत्याही कारणाने हाक मारावयाची नाही. स्वयंपाक यजमान आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा करतील. सिलिंडरवाला, कामवाली, फोन, पाहुणे, सारे त्यांच्याकडे.

पहिल्या शनिवारी वरण करपले आणि मीठ कोठे आहे हे विचारण्यासाठी दार दोनदा वाजले. वहिनींनी त्या दिवशी काहीच लिहिले नाही. पाच तास नुसत्या बसून होत्या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या शनिवारी दीड पान झाले. तिसऱ्या शनिवारी नागपूरहून नातेवाईक न कळविता आले. दार बंदच राहिले. पोहे मुलाने केले, त्यांत मोहरी जळाली होती, आणि ‘वहिनी कोठे आहेत?’ या प्रश्नाला आमच्या स्नेह्यांनी, आयुष्यात प्रथमच, ‘काम करीत आहेत’ असे उत्तर दिले.